एक करार, दोन पिढ्या : बेळगाव भागातल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात कुठल्याही कारखान्याचा करार संपायला सहा महिने उरले की तेच प्रश्न नव्याने सुरू होतात. चहाच्या गाड्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. ते इथे एकत्र केले आहेत. लिहिणारा वकील नाही. काही वर्षं कामगार कमिटीवर होता आणि दोन करारांवर त्याची सही आहे. त्यातल्या एका सहीचा आजही पस्तावा होतो, त्याचं पुढे येईलच.

सामूहिक सौदा म्हणजे नेमकं काय? आम्ही तर नुसतं ‘करार’ म्हणतो.

तेच. एकेकट्याने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन पगार वाढवून मागायचा नाही. सगळ्यांच्या वतीने युनियनने मागणीपत्र द्यायचं, चर्चा करायची आणि ठरेल ते लेखी करून दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. आपल्याकडे साधारण तीन वर्षांचे करार होतात, काही ठिकाणी चार. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने करार सहा महिन्यांचा धरतात. मुदत संपली तरी तो आपोआप मरत नाही. कुणीतरी तो संपवण्याची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतरही दोन महिने तो लागू राहतो. त्यामुळे ‘करार संपला, आता बोनस देणार नाही’ असं कुणी सांगितलं की घाबरायचं कारण नाही.

करार झाला की तरुण म्हणतात मलई मामा लोकांनी (जुन्या, ज्येष्ठ कामगारांनी) खाल्ली, आणि मामा म्हणतात पोरांना आयतं मिळालं. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं, आणि भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललेलं असतं. वाढ किती यावर सगळे घसा कोरडा करतात. ती कोणत्या आकारात येणार, हे शेवटच्या रात्री घाईत ठरतं. खरं वाटप तिथेच होतं.

एक हिशेब मांडू. आकडे सोपे घेतले आहेत. शंभर कामगार धरा. चाळीस जण ज्येष्ठ : सरासरी २५ वर्षं नोकरी, बेसिक २०,००० रुपये. साठ जण तरुण : सरासरी ५ वर्षं नोकरी, बेसिक १०,०००. कंपनी दरमहा एकूण तीन लाख द्यायला तयार झाली, म्हणजे सरासरी माणशी ३,०००.

वाढ टक्क्यांत घेतली तर ती साधारण २१.४ टक्के बसते. ज्येष्ठाला ४,२८६ आणि तरुणाला २,१४३. सरसकट घेतली तर दोघांना ३,०००. तिसरा मार्ग असा : सगळ्यांना २,४०० सरसकट, आणि वर सेवाभार म्हणून पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ४५ रुपये. मग ज्येष्ठाला ३,५२५ मिळतात, तरुणाला २,६२५, आणि कंपनीच्या तीन लाखांतले दीड हजार उरतातच.

रक्कम तीच, वाटप तीन तऱ्हेचं. टक्केवारीत आणखी एक खोच आहे. आजचं अंतर पुढच्या कराराच्या पायात जातं, म्हणून दर तीन वर्षांनी दरी रुंदावत जाते. नुसत्या सरसकट वाढीत उलटं होतं. पंचवीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस आणि कालचा मुलगा यांच्यातला फरक विरघळत जातो, आणि मग ज्येष्ठ मंडळी गेट मीटिंगला यायचीच बंद होतात.

आमचं मत तिसऱ्या मार्गाकडे झुकतं. सेवाभाराचा दर किती हे ज्याने त्याने आपल्या कारखान्यात ठरवावं, पण ते मागणीपत्र देण्याआधी ठरवावं. साहेबासमोर बसल्यावर आपल्यातच मतभेद निघाले तर समोरच्याला आणखी काही करावं लागत नाही.

एक सूचना जाता जाता. ‘माणशी ३,०००’ हे हातात येणारे आहेत की कंपनीचा एकूण खर्च आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. खर्चाच्या आकड्यात पीएफचा मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधीकधी कॅन्टीनसुद्धा घुसवलेलं असतं.

वाढ बेसिकमध्ये घ्यावी की भत्त्यात?

पिढ्यांचं खरं भांडण इथे आहे. तरुणाला मोटारसायकलचा हप्ता भरायचा असतो, घरभाडं द्यायचं असतं. बेसिक वाढलं की पीएफची कपात वाढते आणि हातात कमी येतं. दोन हजार बेसिकमध्ये गेले तर १२ टक्क्यांनी २४० रुपये कापले जातात. तेच दोन हजार भत्त्यात आले तर सगळे खिशात. त्याला भत्ता गोड लागतो यात त्याचा दोष नाही.

आता ज्येष्ठाकडून बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगाराच्या १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं अशी मोजतात. तीस वर्षं झालेल्या माणसाच्या बेसिकमध्ये दोन हजार वाढले, तर ग्रॅच्युइटी ३४,६१५ रुपयांनी वाढते. भत्त्यात वाढले तर आजवर बहुतेक ठिकाणी शून्य.

यातला ‘आजवर’ महत्त्वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीएफबद्दल सांगितलंच होतं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता नाव बदलून बेसिकच्या बाहेर ठेवता येत नाही. म्हणजे बेसिक बारीक ठेवून पाच-सहा भत्त्यांची शेपूट लावायची जुनी युक्ती आता पूर्वीइतकी चालत नाही. जुनी पगारस्लिप घेऊन बसा आणि आपला आकडा काढून बघा.

तरुणांना आम्ही एकच गोष्ट दाखवतो. पीएफमध्ये तुझे २४० जातात तेव्हा मालकालाही तेवढेच घालावे लागतात. तुझ्यापुढे तीस वर्षं आहेत, मामांपुढे तीन. व्याजावर व्याज कुणाला जास्त लागणार? एवढं सांगितल्यावर सगळे पटतात असं नाही, पण वाद ओरडण्यावरून हिशेबावर येतो. एक अडचण मात्र खरी आहे. बऱ्याच कंपन्या पीएफ फक्त १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत भरतात. तुमचं बेसिक त्यावर गेलेलं असेल तर या वाढीने पीएफ हलत नाही. तो पूर्ण पगारावर भरावा, हे वेगळ्या मागणीत लिहावं लागतं.

पगार वाढून २१ हजारांच्या वर गेला आणि ईएसआय कार्ड बंद झालं. ही वाढ की शिक्षा?

हा प्रश्न गमतीत विचारतात, पण तो गमतीचा नाही. ईएसआयची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) मर्यादा दरमहा २१,००० आहे. ती ओलांडली की चालू अंशदान काळापुरतं (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संरक्षण चालू राहतं, मग संपतं. कामगाराची कपात ०.७५ टक्के आणि मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे मालकाचीही बचत होते. बोनसच्या कायद्याची मर्यादासुद्धा २१,००० रुपयेच आहे. त्यामुळे शुगर, गुडघे, अँजिओप्लास्टी हे सगळं ज्या वयात सुरू होतं, त्याच वयात माणूस दवाखान्याच्या कार्डाबाहेर पडतो आणि कायद्याच्या बोनसबाहेरही.

उपाय करारातच आहे. मर्यादेबाहेर जाणाऱ्यांसाठी कुटुंबासह मेडिक्लेम आणि बोनसइतकीच सानुग्रह रक्कम, ही दोन कलमं नावानिशी घाला. मालकाचे वाचलेले ३.२५ टक्के या मागणीच्या बाजूने बोलतात. तरुणांनी हे ‘म्हाताऱ्यांचं कलम’ म्हणून सोडून देऊ नये. याच करारात नाही तर पुढच्या करारात तेही ती रेषा ओलांडणार आहेत.

नव्या भरतीसाठी वेगळी, कमी श्रेणी मान्य केली तर आमची वाढ चांगली मिळते म्हणतात. काय करावं?

करू नये. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण वर म्हटलेली पस्ताव्याची सही हीच.

आमच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) करार अडकला होता. कंपनीने पर्याय ठेवला : आहेत त्या कामगारांना मागितलं त्याच्या जवळपास देतो, पण या तारखेनंतर जो लागेल त्याची श्रेणी वेगळी. बेसिक कमी, वार्षिक इन्क्रिमेंट कमी, सेवाभार नाही. ज्यांचं नुकसान होणार होतं ते त्या दिवशी गेटच्या आत नव्हतेच, मग विरोध कोण करणार? आम्ही पेढे वाटले.

पाच-सहा वर्षांत मोल्डिंगला निम्मी माणसं नव्या श्रेणीची झाली. एकाच मशीनवर, एकाच पाळीत एक जण दुसऱ्याच्या निम्म्या पगारात. पुढच्या कराराला कंपनीला आमची गरजच उरली नव्हती. मिळेल त्या संधीला महाग माणसाला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) देऊन स्वस्त माणूस घ्यायचा, एवढंच काम राहिलं होतं. आणि नवी मुलं आमच्या सभेला का येतील? त्यातल्या एकाने मला तोंडावर विचारलं, “काका, तुम्ही सही केली तेव्हा मी बारावीत होतो. माझा पगार तुम्ही विकलात, आता माझी युनियनच्या वर्गणीची पावती कशी फाडता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधीच असा करार झालेला असेल तर तो एका फटक्यात मोडता येत नाही. टप्प्याने मोडता येतो. ‘तीन वर्षं पूर्ण झालेल्याला मूळ श्रेणी’ हे कलम पहिल्या करारात, मुदत दोन वर्षांवर आणणं दुसऱ्या करारात. यासाठी ज्येष्ठांना आपल्या वाढीतले चारशे-पाचशे सोडावे लागतात. सोडावेत. दान म्हणून नव्हे, आपली खुर्ची स्वस्त माणसाच्या धाकातून सोडवण्यासाठी.

मी ठेकेदाराकडे आहे / फिक्स्ड टर्मवर आहे / आयटीआय करून अप्रेंटिस लागलोय. मला युनियनमध्ये घेतात का?

तिन्ही वेगवेगळं आहे.

फिक्स्ड टर्म (ठरावीक मुदतीची नेमणूक) : तुम्ही कंपनीच्याच हजेरीपटावर आहात. नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तेच किंवा तसंच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकं वेतन आणि सवलती मिळायला हव्यात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबायचं नाही, एक वर्ष पुरतं. सभासद व्हा, आजच.

ठेका कामगार : तुमचा मालक कागदावर ठेकेदार असतो. तरी युनियनचं सभासद व्हायला अडचण नाही, आणि कायम कामगारांच्या मागणीपत्रात तुमच्यासाठी कलम असू शकतं. ‘तेच काम, तीच मजुरी’ ही तरतूद ठेका कामगारांच्या नियमांत वर्षानुवर्षं होती. किती पाळली गेली ते फेटलिंग शॉपमधल्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागातल्या) कुणालाही विचारा.

अप्रेंटिस : १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणार्थी ठरतो, कामगार नव्हे, आणि शिकवून झाल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, करारात लिहिलं असेल तरच. म्हणूनच ते लिहून घ्यायचं : दरवर्षी किती अप्रेंटिस कायम करणार, त्यांना कायम कामगाराच्या जागी उत्पादनावर लावणार नाही, आणि मशीनवर कुणाच्या देखरेखीखाली ठेवणार. हे शेवटचं कलम ज्येष्ठांच्याही फायद्याचं आहे. शिकवणाऱ्याला ‘प्रशिक्षक भत्ता’ मागता येतो. सीएनसीचा प्रोग्रॅम मुलगा लवकर शिकतो, पण कास्टिंगमध्ये ब्लो-होल (हवेची भोकं) कशाने येतात हे मामांनाच माहीत असतं.

५१ टक्क्यांची भानगड काय आहे? कोल्हापूरकडे तर वेगळी पद्धत आहे म्हणतात.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनची पद्धत आणली : सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवून औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता घ्यायची. कर्नाटकात तसा कायदा नव्हता. म्हणून कागल ओलांडून निपाणीत आलं की कुठल्या युनियनशी बोलायचं हे बरंचसं मालकाच्या मर्जीवर आणि आपल्या ताकदीवर राहायचं. गोकुळ शिरगावात काम करणारा मेहुणा जे सांगतो ते इथे जसंच्या तसं चालत नाही, ते यामुळे.

नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी एकटी वाटाघाटी करते. कुणाकडेच ५१ नसतील तर किमान २० टक्के असणाऱ्यांची वाटाघाटी परिषद बनते. आता आकडे जुळवून बघा. हजेरीपटावर निम्म्याच्या आसपास तरुण आणि फिक्स्ड टर्मवाले असतील, तर फक्त जुन्या कायम लोकांची युनियन ५१ पर्यंत पोचतच नाही. तरुणांना आत घेणं ही आता चांगुलपणाची गोष्ट राहिलेली नाही.

लेबर ऑफिसात सही करावी की कंपनीतच?

जुन्या १९४७ च्या कायद्यातल्या कलमांवरून आपण ‘अठरा-एक’ आणि ‘बारा-तीन’ म्हणतो. कायदा बदलला तरी बोली तीच आहे. अठरा-एकचा करार कंपनी आणि युनियन आपसात करतात आणि तो सह्या करणाऱ्यांपुरता बांधील असतो. बारा-तीनचा करार लेबर ऑफिसरच्या समेटातून होतो आणि कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होतो, सभासद असो वा नसो, आणि नंतर लागणाऱ्यालाही.

‘नंतर लागणाऱ्याला’ हे दुधारी आहे. चांगला करार असेल तर उद्या येणाऱ्या मुलाला तो आयता मिळतो. वेगळ्या श्रेणीचं कलम असेल तर तेही त्याच्या गळ्यात पडतं, न विचारता.

‘मी रिटायर होतो, माझ्या जागी मुलाला घ्या’ ही मागणी करारात घालावी का?

सगळ्यात नाजूक प्रश्न. बापाचं मन कळतं. येळ्ळूर, कंग्राळी, मच्छे भागातल्या कितीतरी घरांत शेती गुंठ्यांवर आली आहे आणि कारखान्याची नोकरी हीच मुलाला देण्यासारखी इस्टेट. सरकारी नोकरीत अशी वारसाहक्काची भरती न्यायालयांनी चालू दिलेली नाही. खासगीत करार करून करता येते.

तरी आमचा सल्ला असा की कामावर मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर वारसाला नोकरी हे कलम ठामपणे घ्यावं, आणि वारसात मुलगी आणि सून यांचा उल्लेख शब्दांत करावा. सरसकट ‘बापाच्या जागी मुलगा’ मात्र मागू नये. एक तर त्या आशेवर बाप स्वस्तात व्हीआरएस घेतो आणि मुलगा ट्रेनी म्हणून तीन वर्षं लटकतो. दुसरं, ज्यांचा बाप कारखान्यात नाही अशी मुलं, आणि ती संख्येने जास्त असतात, युनियनला ठरावीक घराण्यांचा क्लब समजू लागतात.

निवृत्तीचं वय ५८ की ६०? आणि ज्येष्ठ थांबले तर तरुणांच्या जागा अडतात ना?

कर्नाटकाने २०१७ मध्ये आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत) वय ५८ वरून ६० केलं. पण नव्या संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच आहे, आणि उद्यमबागेतली बहुतेक युनिटं त्याच्या खूप खाली आहेत. म्हणून वय करारात लिहून घ्या. पीएफची पेन्शन ५८ ला सुरू होते, त्यानंतर मालकाच्या हिश्श्यातला पेन्शनकडे जाणारा भाग पीएफमध्येच जमा होतो, हेही लक्षात ठेवा. पेन्शनचा किमान आकडा महिन्याला १,००० रुपये आहे, त्यामुळे ‘घरी बसा आता’ म्हणणाऱ्याने तो आधी ऐकावा.

जागा अडण्याबद्दल बोलायचं तर एक माणूस निवृत्त झाला की एक कायम माणूस भरतात, असं तुमच्या कारखान्यात शेवटचं कधी झालं? रिकामी जागा ठेक्यावर जाते. जागा मोकळी झाली की ठरावीक महिन्यांत कायम भरती करावी, हे कलम असेल तरच तरुणाचा या वादात फायदा आहे. ते नसेल तर काका ५८ ला गेले काय आणि ६० ला गेले काय.

रात्रपाळी आणि जड काम तरुणांनीच करायचं का?

पन्नाशीनंतर रात्रपाळी सोसत नाही हे खरं. पण ती माफ केली की तिचा बोजा कुणावर तरी येतो. काही ठिकाणी तोडगा निघाला आहे : ५५ च्या पुढच्यांना रात्रपाळीतून सूट, आणि राहिलेल्यांचा रात्रपाळी भत्ता त्या प्रमाणात वाढवायचा. पाळी बदलायची असेल तर मालकाला २१ दिवसांची बदलाची नोटीस द्यावी लागते, ती मागा.

धुळीचं तसं नाही. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस म्हातारपणी दिसतो, पण धूळ छातीत जाते ती पंचविशीत. धूळ ओढणारी यंत्रणा, चांगले मास्क, दरवर्षी छातीची तपासणी आणि रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात, या मागण्या पैशाच्या मागण्यांसाठी सोडून देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे.

ओव्हरटाइमचं थोडक्यात : तरुणांना हवा असतो, ज्येष्ठांना नको. दुप्पट दराने आणि ज्याच्या त्याच्या खुशीने. सक्ती कुणावरच नको.

करार दोन वर्षं रखडला. मधल्या काळात मी रिटायर झालो तर पगारवाढीचा फरक मिळेल का?

करारात लिहिलं असेल तर मिळेल. नसेल तर हेलपाटे. कर्नाटकातल्या सरकारी बस कर्मचाऱ्यांचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. १ जानेवारी २०२० पासूनची १५ टक्के वाढ प्रत्यक्षात मार्च २०२३ पासून हातात पडली आणि मधल्या ३८ महिन्यांच्या थकबाकीसाठी ५ ऑगस्ट २०२५ ला संप करावा लागला. त्या ३८ महिन्यांत किती ड्रायव्हर-कंडक्टर घरी गेले असतील! म्हणून एक ओळ घाला : ‘कराराच्या लागू तारखेला कामावर असलेल्या आणि त्यानंतर निवृत्त, मृत किंवा राजीनामा दिलेल्या सर्व कामगारांना फरक आणि सुधारित ग्रॅच्युइटी मिळेल.’ यातला ‘राजीनामा’ हा शब्द तरुणांसाठी आहे. पुण्याला नोकरी लागून गेलेल्या मुलाचाही घाम त्या महिन्यांत सांडलेला असतो.

कामगारकपात आली तर आधी कोण जाणार?

कायद्याचा सर्वसाधारण नियम शेवटी आला तो आधी जाणार, म्हणजे तरुण. यादी विभागवार आणि हुद्द्यानुसार लावतात, म्हणून तुमचा हुद्दा काय लिहिलाय ते आजच बघून ठेवा. सरकारच्या परवानगीशिवाय कपात करता न येण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेल्याने लहान कारखान्यांत संरक्षण पातळ झालं आहे. करारात ‘कपातीआधी ओव्हरटाइम बंद, मग ठेका बंद, मग काम वाटून घेणं’ असा क्रम लिहिता येतो. यातला ठेक्याचा टप्पा आम्हाला बोचतो, कारण तिथेही आपलीच मुलं आहेत. त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर आमच्याकडे नाही.

निपाणीत विड्या वळणाऱ्या आईला यातलं काय लागू?

तिथे मजुरी हजार विड्यांमागे असते, त्यामुळे वीस वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या बाईला दर एकच. फरक वेगाचा आणि छाटीचा (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा). बोट मंदावलं की रोज कमी पडतो. तिथल्या सौद्यात दराइतकंच महत्त्व छाट कुणासमोर आणि किती काढायची याला आहे. नव्या मुली या कामात फारशा येत नाहीत, म्हणून संघटना वयाने थकत चालली आहे. लेकीसुनांनी निदान पासबुक आणि पीएफचा नंबर ऑनलाइन जोडून देण्याचं काम अंगावर घ्यावं. वडगाव-शहापूरच्या मागावरच्या लोकांचा प्रश्न निराळा आहे. तिथे मालक कोण हेच बऱ्याचदा ठरत नाही, तो इथे उरकण्यासारखा नाही.

आमच्यात मराठी-कन्नड दोन्ही आहेत. करार कुठल्या भाषेत मागायचा?

सीमाप्रश्नावर ज्याचं त्याचं मत आहे, आणि १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा आणि राज्योत्सवाला झेंडा लावणारा असे दोघे एकाच लाइनवर काम करतात. आमच्या कमिटीत न लिहिलेला नियम होता : तो विषय गेटबाहेर. पगारस्लिपवर दोघांचंही बेसिक सारखंच असतं.

करार बहुधा इंग्रजीत होतो आणि नोटिसा कन्नडमध्ये लागतात. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत दर्शनी भागात लावावेत, असं १९४६ चा कायदा सांगत आला. त्याच धर्तीवर कराराचा मराठी आणि कन्नड तर्जुमा मागा आणि खटका उडाला तर कुठली प्रत खरी धरायची, तेही लिहा.

आमच्याकडे झालं ते असं. ज्येष्ठ मराठी कामगारांना कन्नड वाचता येत नव्हतं, पण मागच्या चार करारांत काय होतं ते तोंडपाठ. तरुण मुलं शाळेत कन्नड शिकलेली, मोबाइलवर नोटीस घडाघडा वाचणारी, पण ‘सेवाभार’ म्हणजे काय ते माहीत नसलेली. मागच्या खेपेला सही होण्याआधी कॅन्टीनमागे मसुदा दोनदा वाचला, एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत. वाचणारा तेवीस वर्षांचा होता. अकराव्या कलमाशी एक मामा म्हणाले, “थांब रे, हे मागच्या करारात ‘दरमहा’ होतं, इथे ‘दरवर्षी’ कसं आलं?” मसुदा त्या दिवशी परत गेला.